रुखवतातली गिटार

माझ्या हातून आजवर एकच गिटार तयार झाली आणि ती मांजराने चाटली.

गिटार ही चाटण्याची वस्तू नव्हे, हे मलाही कळतं. पण त्यात मांजराचा काही दोष नव्हता. दोष पेटीच्या लाकडाचा होता, आणि ते लाकूड मी स्वतः, टिचक्या मारमारून, बाकीच्या पेट्या नापास करून निवडलं होतं. लोक सोनं घेताना इतकं पारखत नाहीत. पण सगळी पारख मी कानाने केली आणि तिथेच माझं चुकलं.

झालं असं, की माझ्या नणंदेचं, सुजाताचं लग्न ठरलं. मुलगा प्रमोद, न्हावा शेव्याला ह्यांच्याच ऑफिसात होता. (हे म्हणजे आमचे यजमान. क्लिअरिंग एजंटकडे कारकून होते, पण बोलायला बसले की सगळं बंदर तेच चालवतात असं ऐकणाऱ्याला वाटायचं.) प्रमोद सरळ, हसरा, आणि कॉलेजात गिटार वाजवलेला. बघायला आला तेव्हा सुजाताने त्याच्या चहात साखर घातली, मग पुन्हा घातली, मग आणखी एकदा घातली, आणि त्याने तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तेवढ्यावरून आम्ही काय ते ओळखलं. मूळ गाव दोघांचंही साताऱ्याकडचं, शिक्षण जुळलं, उंची जुळली. अडचण एकच होती. त्यांचं घर माळकरी होतं.

बोलणीच्या दिवशी प्रमोदचे वडील, तात्या, वाशीच्या मार्केटात गोणी उचलून कमावलेल्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या माळ हाय. मांसमच्छीचा वास बी चालत न्हाई आमास्नी. तुमच्याकडं कसं काय?"

सासूबाईंनी पदर सारखा केला.

"आमच्याकडे गुरुवार अगदी कडक पाळतात," त्या म्हणाल्या.

हे शंभर टक्के खरं होतं. बाकीच्या वारांबद्दल तात्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. बाकीच्या वारी करावे गावातली हिराबाई मासळीची पाटी घेऊन आमचा जिना चढायची, आणि सुजाता मांदेलीचा काटा इतका स्वच्छ करायची की बिल्डिंगमधल्या मांजरांनी आमच्या दारात बसणंच सोडून दिलं होतं.

पाहुणे गेल्यावर सुजाता स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "वहिनी, मी सोडीन गं मासे, कायमचे. प्रमोदसाठी सोडीन. पण आपल्याकडे रोज शिजतं हे लग्नाआधी कळलं ना, तर तात्या भर मांडवातून उठतील. मग माझं काय?" तिचे डोळे भरले होते. मला तिची फार माया आली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, कुणाला वाससुद्धा लागणार नाही. (हे मी बोलले होते, बरं का.)

त्या दिवसापासून घरात मासळीबंदी सुरू झाली. तवा राखेने घासला, कोकमाची बरणी माळ्यावर गेली. हिराबाईला येऊ नको म्हणून सांगितलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "का गो? दुसरी कोन मिलली काय?" तिला खरं कारण सांगेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले.

आता रुखवत. रुखवताची जबाबदारी वहिनी म्हणून माझ्यावर. त्या काळात सगळ्या रुखवतांत तेच ते असायचं: थर्माकोलचं देऊळ, सुपारीचे भटजी, लोकरीचं कुत्रं. मला काहीतरी असं करायचं होतं, की बघणाऱ्या बायकांनी हात लावायच्या आधी विचारावं. आणि नेमकं त्याच सुमाराला ह्यांनी बंदरावरून एक परदेशी मासिक आणलं. कुठल्याशा मशीनच्या खोक्यात भरताड म्हणून कोंबलेलं होतं. त्यात एका म्हाताऱ्या गोऱ्या बाबाचा फोटो होता. त्याने सिगारच्या रिकाम्या डब्याला दांडा जोडून, तीन तारा लावून गिटार केली होती, आणि ती कशी करायची ते आकृत्यांसकट दिलं होतं. मी ते तीनदा वाचलं. जावई गिटार वाजवणारा, रुखवतात गिटार, तीही वहिनीच्या हातची! मला तर मांडवातल्या बायकांची कुजबुज तिथेच ऐकू यायला लागली.

"अगं, टेन्शन कशाला घेतेस?" हे म्हणाले. "डबा मी आणतो. ओरिजिनल सिगारचा."

आणि खरंच आणला. कुठल्याशा जहाजावरच्या साहेबाने टाकून दिलेला, तपकिरी, वर सोनेरी नक्षी. "सागवानी दिसतोय," हे म्हणाले. मी दांडा बसवला, तारा लावल्या, पिळायला सुरुवात केली, आणि डबा हळूहळू मिटला. लाकडाच्या नक्षीचा कागद चिकटवलेला तो निव्वळ पुठ्ठा होता. पण तो पुठ्ठा नसता तरी सासूबाईंनी चालू दिला नसता. "माळकऱ्यांच्या घरी चिरुटाचा डबा पाठवताय?" त्या म्हणाल्या. "मग शेजारी दारूची बाटली पण ठेवा की, जोडी होईल."

पुठ्ठा बाद झाल्यावर मी पत्र्याकडे वळले. दिवाळीतला बिस्किटांचा मोठा डबा होता. पत्र्याला तारांचा ताण सोसला, पण आवाज असा आला, की खालच्या मजल्यावरच्या काकू जुन्या साड्या घेऊन जिन्यात आल्या. त्यांना वाटलं, भांडीवाली आली. मग सोसायटीत फर्निचरचं काम करणाऱ्या सुताराकडून प्लायवूडचे तुकडे आणून त्यांची पेटी केली. ती भक्कम झाली, वर उभं राहिलं तरी चालेल अशी. पण तारा छेडल्या तरी तिने तोंड उघडलं नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पाण्याचं विचारलं की ते जसे बघत राहतात, तशी ती पेटी नुसती बघत राहायची. मासिकातल्या बाबाने लिहिलंच होतं, की वरची फळी पातळ हवी, जुनी हवी, आणि वर्षानुवर्षं वाळलेली हवी.

मग सासऱ्यांनी मार्केटातून हापूसची पेटी आणली. फळ्या पातळ, वास तर स्वर्गीय. तारा ताणल्या आणि खिळे एकेक करून उपसून आले. शेवटचा ह्यांच्या चहात पडला.

तोवर लग्न तोंडावर आलं होतं. घरातली प्रत्येक लाकडी वस्तू मी टिचकी मारून ऐकली होती. देव्हारा ऐकला, पोळपाट ऐकला, शेजाऱ्यांच्या दाराला तर इतकी टिचकी मारली की त्यांनी दार उघडलं. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "तिला जरा माहेरी सोडून ये. चार दिवस विश्रांती घेऊ दे."

अशा मनःस्थितीत मी एका दुपारी रिक्षा करून करावे गावात गेले. तिथे होड्या दुरुस्त करतात, तिथे पातळ फळी मिळेल असा विचार होता. वाटेत हिराबाईचं घर लागलं. तिने रुसवा विसरून मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं. मी गप्पा मारता मारता सवयीने शेजारच्या खोक्यावर बोटं आपटली.

आणि ते खोकं बोललं.

नुसतं वाजलं नाही, बोललं! गोल, खोल, लांबणारा आवाज. मी पुन्हा टिचकी मारली. अंगावर काटा आला.

"हिराबाई, हे काय आहे?"

"जवल्याची पेटी. आमच्या घरवाल्यानं बंदरावरच्या खोक्याच्या फल्या आनून केली व्हती. आता पत्र्याचा डबा घेतलाय, ती रिकामीच हाय."

जवळा म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, हे सांगायला नको. पातळ परदेशी लाकूड, त्यात कित्येक वर्षं सुकं भरलेलं. मिठाने त्यातला ओलाव्याचा थेंब न्‌ थेंब शोषून घेतलेला. मासिकातल्या बाबाने जे जे मागितलं होतं ते सगळं त्या पेटीत होतं. थोडं जास्तच होतं.

"पण वास?" मी विचारलं.

हिराबाईने पेटीत डोकं घातलं, दीर्घ श्वास घेतला. "कसला वास? कायपन वास नाय."

मी डोकं घातलं. मलाही विशेष काही आला नाही. आता मागे वळून बघताना वाटतं, तिथेच मी थांबायला हवं होतं. जिच्या घरात रोज मासळी वाळते तिला, आणि जी लहानपणापासून ती खात आली तिला, वासाबद्दल विचारून काय उपयोग? पण तेव्हा माझ्या कानात तो आवाज घुमत होता.

घरी आणून मी पेटी साबणाने धुतली, लिंबाने घासली, गच्चीवर उन्हात ठेवली. (गच्चीवर कावळे फार जमायला लागले, ते मी पितृपक्षाच्या खात्यावर टाकलं. पितृपक्ष केव्हाच होऊन गेला होता.) मग धूप दाखवला. मग सगळ्या घराला ओळीने हुंगायला लावलं. सासूबाई म्हणाल्या, धुपाचा वास येतो. हे म्हणाले, लिंबाचा. सुजाता म्हणाली, "मला भूक लागली." तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही. त्रयस्थ मत हवं म्हणून वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी काकूंना नेऊन दाखवली. त्यांनी हुंगून "छान आहे हो" म्हटलं. त्यांना सर्दी झाली होती हे नंतर कळलं.

मग मात्र काम भराभर झालं. सुताराने दांडा रंधून दिला. दांड्यावरच्या सुरांच्या पट्ट्यांसाठी मी माझ्या केसांचे आकडे सरळ करून बसवले. पेटीला गोल भोक पाडलं, त्याभोवती टिकल्यांची नक्षी केली. बाहेरून व्हार्निशचे दोन हात दिले. आतून दिले नाहीत, कारण मासिकात बजावलं होतं, की आतलं लाकूड उघडंच ठेवा, आवाज मोकळा राहतो. आवाज खरंच मोकळा राहिला. ह्यांनी तार छेडली तर घरभर सूर भरला. सुजाता पेटीवर गाल टेकवून ऐकत बसली. "वहिनी, माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं गं," ती म्हणाली. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. (ह्यांना हे सांगितलेलं नाही.)

लग्नाच्या दिवशी कार्यालयात रुखवताच्या टेबलावर गिटार मधोमध उभी केली, पाठीमागे थर्माकोलचं देऊळ. वरपक्षाच्या बायका आल्या, आणि माझ्या स्वप्नातल्यासारख्याच कुजबुजल्या. "खरी हाय का?" "वाजती का?" प्रमोदची आई, आक्का, तेवढी काही बोलली नाही. बारीक, शांत बाई. गळ्यात तुळशीची माळ. तात्यांसमोर ती सहसा बोलतच नसे. ती गिटारीपाशी आली, जरा थांबली, पुढे गेली, आणि परत आली.

तेवढ्यात व्हिडिओवाला आला.

"ओ भाभी, एकदम हटके आयटम हाय! नवरदेवाला बोलवा. हातात देऊन शूट घेऊ."

मुंडावळ्या बांधलेला प्रमोद आला, गिटार बघून लहान मुलासारखा हरखला. व्हिडिओवाल्याने हॅलोजन लावला आणि सरळ पेटीवर रोखला. त्या दिव्याखाली पापड भाजता आले असते. लाकूड तापलं. आतली हवा तापली. आणि प्रमोदने तारा छेडल्या.

पहिल्या सुराबरोबर त्या गोल भोकातून जवळा बाहेर आला.

प्रत्यक्ष नव्हे हो. पण नाकाला काय फरक पडतो! लिंबू, धूप, व्हार्निश, सगळ्यांना बाजूला सारून कित्येक वर्षांचा करावे गावचा जवळा कार्यालयात पसरला. आणि आता तो मलाही आला! प्रमोद बिचारा रंगात येऊन वाजवत होता, आणि तो जितका वाजवी तितका पेटीचा भाता वास फेकी. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि बहुधा गुरुवारच्या देवाला हाक मारली.

"प्रमोदराव, पुरे आता, मुहूर्त जवळ आला," मी म्हटलं.

"अहो वहिनी, काय टोन आहे!" तो म्हणाला, आणि आणखी जोरात वाजवायला लागला.

व्हिडिओवाल्याने "ओके" म्हटलं तेव्हा कुठे त्याने गिटार टेबलावर ठेवली. त्याच क्षणी कार्यालयाच्या स्वयंपाकघरातलं एक मांजर शेपूट उभारून आलं, थर्माकोलचं देऊळ आडवं करत टेबलावर चढलं, आणि गिटार पुढच्या दोन्ही पायांनी धरून मनापासून चाटायला लागलं. मी "शुक शुक" केलं. त्याने माझ्याकडे ओळखीच्या नजरेने बघितलं.

आणि पलीकडून फेटा सावरत तात्या आले.

तात्यांच्या नाकपुड्या फुगल्या. ते थांबले. त्यांनी उजवीकडे हुंगलं, डावीकडे हुंगलं. मंगलाष्टकं म्हणायला भटजी घसा साफ करत होते, अक्षता वाटून झाल्या होत्या. आतल्या खोलीच्या दारात शालू नेसलेली सुजाता उभी होती. तिलाही वास आला होता, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिचं लग्न मोडलं तर ते मी मोडलं असणार, स्वतःच्या हाताने, रंधा मारून, टिकल्या लावून.

"ह्यो वास कसला?" तात्यांनी विचारलं. मांजराच्या चाटण्याचा तेवढा आवाज येत होता.

हे लगबगीने आडवं झालेलं देऊळ उभं करायला लागले.

"व्हार्निसचा हाय," कुणीतरी म्हणालं.

बोलणारी आक्का होती. तिने मांजराला हाताने बाजूला केलं, गिटार उचलली, पेटीला नाक लावून वास घेतला. बराच वेळ घेतला. "परदेशी व्हार्निस हाय, बंदरावरचं. असंच वास मारतंय. तुमी चला, मुहूर्त टळंल."

"परदेशी व्हय?" तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा निवळला. "तरीच. म्हटलं असला वास आपल्याकडं कुठला." आणि ते फेटा सावरत मांडवात गेले.

सावधान झालं, अक्षता पडल्या, सुजाता रडता रडता हसली. मी मात्र आक्काला गाठायला धावले. ती रुखवताच्या टेबलामागे एकटी उभी होती, गिटार अजून हातातच.

"आक्का, मला माफ करा," मी म्हटलं. "ती पेटी..."

"जवळा व्हता का सोडं?" तिने हळूच विचारलं.

"जवळा," मी म्हटलं.

"वाटलंच." तिचे डोळे एकदम तरुण झाले. "माझं माहेर महाडकडचं. आई वांग्यात घालायची. लगीन झाल्यापासनं तोंडाला लावला न्हाई, आन्‌ लावायची बी न्हाई." मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि गळ्यातल्या तुळशीच्या मण्यांना हात लावला. "पर माळ गळ्यात हाय बाई. नाकात न्हाई." आम्ही दोघी तोंडाला पदर लावून इतक्या हसलो, की लोकांना वाटलं पाठवणीआधीच दोघी रडायला लागल्या.

रुखवत त्यांच्याबरोबर गेलं. दिवाळीत आम्ही फराळाला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझी गिटार कुठे दिसते का म्हणून मी हॉलभर बघितलं. ती स्वयंपाकघरात होती, ओट्याच्या वर खिळ्याला टांगलेली, शेगडीची ऊब बरोबर लागेल अशा बेताने. प्रमोदने तक्रार केली, "वहिनी, मला वाजवायला मिळतच नाही. आई म्हणते तिथंच शोभते." तात्या आल्यागेल्याला ती आवर्जून दाखवायचे आणि परदेशी व्हार्निशची माहिती द्यायचे. सुजाताने हळूच सांगितलं, की आक्का दुपारची भाकरी त्या गिटारीखाली बसून खाते आणि कोरडीच खाते, कालवण मागत नाही.

निघताना आक्का मला जिन्यापर्यंत सोडायला आली. मी वाट बघत होते, की आता तरी कुणीतरी माझ्या गिटारीच्या सुराबद्दल एक शब्द बोलेल. कारागिराला तेवढी आशा असतेच. तिने मागे तात्या नाहीत याची खात्री केली आणि माझा हात धरला.

"ताई, तुमच्या हाताला गुण हाय. पर आता तिचा वास लई कमी झालाय बघा. आणखी एक करून देता का? ह्या बारीला बोंबलाची पेटी मिळाली तर बघा. आन्‌ तारा न्हाई लावल्या तरी चालंल."